मानमोडीची वंशावळ

ऑगस्ट २००९. पुण्यात शाळा बंद, थिएटरं बंद, दहीहंडीचा उत्साह मावळलेला. नायडू रुग्णालयाबाहेर नाकाला रुमाल बांधलेल्यांची रांग लागलेली. आमच्या शेजारच्या काकूंनी जुन्या धोतराच्या फडक्यात कापूर आणि वेलची बांधून, वर निलगिरीचे दोन थेंब टाकून एक पुरचुंडी माझ्या खिशात कोंबली होती. दर अर्ध्या तासाने हुंगायची. वास इतका झणझणीत की हमखास शिंक यायची, आणि त्या दिवसांत पीएमटीत शिंक आली की शेजारचा उतारू स्टॉप नसताना उठून दाराशी जाऊन उभा राहायचा.

त्याच आठवड्यात सोसायटीत एक अर्ज फिरला. मागच्या नाल्याकाठी जी पाच-सात डुकरं असतात ती ताबडतोब पकडून न्यावीत, म्हणून. रोगाचं नावच ‘स्वाइन फ्लू’ म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला हवा? मीही सही केली. ती सही पुढे बरीच वर्षं मला टोचत राहिली. नाल्यातल्या त्या डुकरांचा या प्रकरणाशी सुतराम संबंध नव्हता. रोग विमानाने आला होता, पासपोर्टवर शिक्के मारून. देशातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादेत सापडला, तो अमेरिकेहून आलेला प्रवासी. पुण्यात ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू झाला, एका शाळकरी मुलीचा, आणि मग शहराचा धीर सुटला.

सही करण्यात मी एकटाच शहाणा नव्हतो. एप्रिलच्या अखेरीस इजिप्त सरकारने देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम काढला. सुमारे तीन लाख जनावरं. तेव्हा त्या देशात या रोगाचा एकही रुग्ण नव्हता. कैरोतले झब्बालीन, म्हणजे पिढ्यान् पिढ्या शहराचा कचरा उचलणारे ख्रिस्ती लोक, ही डुकरं पाळत. ओला कचरा डुकरांना घालत, सुका निवडून विकत. डुकरं गेल्यावर ओला कचरा कुणी उचलेना आणि काही महिन्यांत कैरोच्या गल्ल्यांत ढीग साचून कुजू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने ३० एप्रिललाच ‘स्वाइन फ्लू’ हा शब्द सोडून दिला होता. पण नावं अशी कागदावरून खोडता येत नाहीत.

मग हे नाव पडलं कसं? त्यासाठी थेट आजीपर्यंत मागे जावं लागतं. माझी आजी कुणाचा ताप चढला की ‘मानमोडीसारखं नको गं बाई’ म्हणायची. तिने स्वतः मानमोडी पाहिली नव्हती, तिच्या आईने पाहिली होती. १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून तो शिरला. पोलिसांचे सात शिपाई तापाने आडवे झाले, त्यातला एक गोदीवरच्या पहाऱ्याचा. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये परतला तो जीव घ्यायलाच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याअखेर मुंबईत एका दिवसात सातशेवर माणसं गेली. देशभरात गेलेल्यांचा अंदाज सव्वा कोटीच्या खाली सहसा कुणी लावत नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, ३० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर १९१८, अमेरिकेच्या आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स गावी डुकरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. उत्तम जातीची, चोळूनमोळून धुतलेली, गळ्यात बिल्ला मिरवणारी डुकरं. मालक त्यांच्याबरोबर गोठ्यातच मुक्काम करायचे. प्रदर्शनात डुकरं आजारी पडायला लागली, आणि ती घरोघर परतली तशी आयोवाच्या शेतांवर साथ पसरली. आजार असा: काल हुंदडणारं जनावर आज गवतात अंग टाकतं, पायाने ढोसलं तरी उठत नाही; नाकाडोळ्यांतून पाणी, कोरडा खोकला, आणि पोट भात्यासारखं हापसायला लागतं. अख्खा कळप एका दिवसात झोपतो. मालक धाय मोकलतो, आणि पाच-सहा दिवसांनी कळप उठून खायला लागतो. मरतात थोडीच, पण अंगावरचं मांस झडतं.

जे. एस. कोएन नावाचे सरकारी पशुवैद्य तिथे निरीक्षक होते. त्यांना दिसलं की ज्या घरात माणसं खोकतात त्याच घरामागची डुकरंही खोकतात. कधी माणसं आधी, कधी डुकरं आधी. त्यांनी सरळ सांगितलं की हा फ्लूच आहे. डुकरांचे व्यापारी खवळले, कारण हे नाव पेपरात आलं तर मांस कोण घेणार? कोएन यांनी नाव मागे घेतलं नाही. एक्क्याण्णव वर्षांनी मांस-व्यापाऱ्यांनी हीच तक्रार पुन्हा केली; इतक्या काळात ती जराही जुनी झाली नव्हती.

कोएन यांचं म्हणणं खरं की खोटं हे ठरायला दहा-बारा वर्षं गेली. रिचर्ड शोप हा आयोवातच जन्मलेला तरुण डॉक्टर प्रिन्स्टनच्या रॉकफेलर संस्थेत काम करत होता. १९२८ मध्ये त्याला गावाकडे पाठवलं ते डुकरांच्या दुसऱ्याच एका रोगासाठी. तिथे शेतकऱ्यांनी त्याला हा फ्लू दाखवला. त्याने आणि त्याचे वरिष्ठ पॉल लुइस यांनी आजारी डुकरांच्या श्वासनळीतला शेंबूड जमवला. लुइस पुढच्याच वर्षी पीतज्वरावर काम करायला ब्राझीलला गेले आणि त्याच तापाने वारले. शोपने एकट्याने काम पुढे नेलं. शेंबूड अशा गाळणीतून गाळला की एकही जिवाणू पलीकडे जाणार नाही, आणि ते स्वच्छ पाणी निरोगी डुकराच्या नाकात सोडलं. डुकराला तोच आजार झाला, फक्त सौम्य. १९३१ मध्ये त्याने हे छापलं. माणसाच्या फ्लूचा विषाणू तोवर कुणाच्याच हाती लागला नव्हता. तो लंडनच्या स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांना १९३३ मध्ये सापडला, तोही शोपच्या पावलावर पाऊल टाकून, फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात. म्हणजे फ्लूचा विषाणू जगाला आधी ओळखीचा झाला तो डुकराच्या घरून. नावाचा घोळ इथून सुरू होतो.

(एक आडवाट. याच रॉकफेलर घराण्याच्या पैशातून निघालेल्या फाउंडेशनने १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभं करायला हातभार लावला. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. २००९ मध्ये नायडूच्या रांगेतल्या माणसांच्या घशातले नमुने याच संस्थेत जात होते.)

शोपला एक प्रश्न छळत होता: हा विषाणू डुकरांत आला कुठून? उत्तर त्याने रक्तात शोधलं. डुकराच्या विषाणूला नामोहरम करणारी द्रव्यं मोठ्या माणसांच्या रक्तात भरपूर सापडली, १९१८ नंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तात जवळजवळ नाहीत. डुक्कर न पाहिलेल्या शहरी माणसांच्याही रक्तात ती होती. याचा अर्थ एकच निघत होता. या मोठ्या माणसांना तो विषाणू एकदा भेटून गेला होता, मानमोडीच्या वर्षी. आयोवाच्या डुकरात खोकत होता तो मानमोडीचाच वारस. माणसांत तो दरवर्षी रूप बदलत गेला, डुकरांत मात्र जुनं रूप जपून राहिला. गावाबाहेर पडलेली पोरं शहरी होतात आणि गावाकडच्या घरात जुनी भाषा टिकते, तसा. शोपसारखा माणूसही पुढे एका भलत्या वाटेला लागला: विषाणू उन्हाळ्यात फुप्फुसातल्या जंतांत आणि जंत गांडुळांत लपतो, असा सिद्धान्त त्याने मांडला. तो टिकला नाही. विषाणूला लपायची गरजच नव्हती, डुकरांत तो बारमाही फिरत असतो.

शोपचं रक्तावरचं अनुमान अक्षरशः वाचून पडताळायला मात्र २००५ उजाडावं लागलं. अलास्कातल्या ब्रेविग मिशन या वस्तीत १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ऐंशीतली बहात्तर माणसं गेली होती आणि कायमच्या गोठलेल्या जमिनीत पुरली होती. योहान हुल्टिन हा स्वीडिश विद्यार्थी १९५१ मध्ये तिथे खणून आला. विषाणू जिवंत मिळाला नाही. १९९७ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, तो पदरचे पैसे घालून पुन्हा गेला. सोबत बायकोची बागेतली कात्री होती. एका स्थूल बाईची फुप्फुसं चरबीमुळे शाबूत राहिली होती. ते तुकडे त्याने जेफ्री टॉबनबर्गर यांना पाठवले. त्यांच्या चमूने या आणि जुन्या लष्करी पेट्यांतल्या मेणात जपलेल्या नमुन्यांतून मानमोडीच्या विषाणूची सगळी अक्षरं जुळवली. आयोवाचा १९३० चा डुकराचा विषाणू त्याचा अगदी जवळचा नातलग निघाला. मूळ घराणं पाणपक्ष्यांचं, यावर आज सहसा वाद नाही. आणि १९१८ मध्ये रोग माणसाकडून डुकराकडे गेला, हेच बहुतेकांना पटलेलं आहे.

ही नाती लावतात कशी, हे पुणेकराला समजावणं सोपं आहे. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, १२५९ पोथ्या ताडून. पोथीची नकल करताना लेखनिक चुका करतो. त्याच्या पोथीवरून नकल करणारा त्या चुका उचलतो आणि आपल्या चार घालतो. दोन पोथ्यांत तीच चूक त्याच जागी दिसली की त्यांचा पूर्वज एक. विषाणूचंही तेच. फ्लूच्या विषाणूची पोथी जेमतेम साडेतेरा हजार अक्षरांची, आणि त्याच्या लेखनिकाला लिहिलेलं पुन्हा तपासायची सवय नाही. चुका एका ठरावीक चालीने साठत जातात, म्हणून दोन विषाणूंमधले पाठभेद मोजून ते किती वर्षांपूर्वी वेगळे झाले हेही काढता येतं.

पण या पोथीत एक खोड आहे. ती एकसंध नाही, सुट्या आठ तुकड्यांत आहे. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले तर बाहेर पडताना तुकड्यांची अदलाबदल होते. आदिपर्व काश्मिरी पोथीचं, विराटपर्व दाक्षिणात्य पोथीचं, आणि बांधणी एकाच फळीत, असा प्रकार. त्यामुळे या घराण्याची एक वंशावळ काढून भागत नाही, आठ काढाव्या लागतात. आठांतले दोन तुकडे बाहेरून दिसणारे: एच म्हणजे पेशीचं दार उघडणारी किल्ली, एन म्हणजे पेशीतून सुटताना बंध कापणारी कात्री. बाकीचे आतले, कारखान्याची यंत्रं म्हणावीत असे.

डुक्कर या अदलाबदलीला सोयीचं. त्याच्या श्वासनळीत माणसाच्या किल्लीचं कुलूपही असतं आणि पक्ष्याच्या किल्लीचंही. म्हणून १९८० च्या दशकात त्याला ‘मिसळीचं भांडं’ म्हणायची रीत पडली. ही उपमा मला कधीच पुरी पटली नाही. भांडं आपण होऊन काही करत नाही. त्यात कुणीतरी ओततं.

सीडर रॅपिड्सनंतर ऐंशी वर्षं अमेरिकेच्या डुकरांत मानमोडीचा तो वारस फारसा न बदलता नांदला. मध्ये एकदाच घबराट उडाली: १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स छावणीत डुकराच्या घराण्यातला विषाणू सैनिकांत शिरला, एक जवान गेला. पुन्हा मानमोडी येणार म्हणून सरकारने चार कोटींवर लोकांना घाईघाईने लस टोचली; लशीनंतर लुळेपणाचे रुग्ण दिसू लागल्यावर डिसेंबरात मोहीम थांबवली. विषाणू मात्र छावणीबाहेर गेलाच नाही. दरम्यान १९७९ च्या सुमारास युरोपात, बेल्जियम-जर्मनीकडे, पक्ष्यांचा एक अख्खा विषाणू आठही तुकड्यांसह डुकरांत उतरला आणि तिथल्या जुन्या विषाणूला हटवून बसला. दोन खंडांतल्या डुकरांची आता दोन गोत्रं झाली.

खरी सोयरीक जमली ती १९९८ मध्ये. नॉर्थ कॅरोलायनात तोवर डुक्करपालनाचा नूरच पालटला होता. दहा-वीस डुकरांचे गोठे जाऊन हजारो डुकरांच्या लांबलचक शेडी आल्या होत्या. एका ठिकाणी पिलं जन्मायची, दुसरीकडे दूध सुटलेली वाढायची, तिसरीकडे पोसून कापायला तयार व्हायची आणि मधला प्रवास ट्रकने. नवी जन्मणारी, रोग न पाहिलेली पिलं विषाणूला बारा महिने मिळणार. त्या ऑगस्टमध्ये आजारी डुकरांत माणसाचे आणि डुकराचे तुकडे मिसळलेला एच३एन२ विषाणू मिळाला, आणि थोड्याच काळात मिनेसोटा, आयोवा, टेक्ससमधल्या कळपांत जो पसरला त्यात तीन घराण्यांचे तुकडे होते: माणसाचे, डुकराचे आणि पक्ष्याचे. आतली सहा यंत्रं असा काही जम बसवून होती की बाहेरची किल्ली-कात्री कुठलीही लावा, गाडी चालायची. हा विषाणू डुकरांच्या ट्रकबरोबर देशभर फिरला.

आता २००९ च्या विषाणूची पत्रिका मांडू. तो बाळबोध भाषेत एच१एन१, पण त्याचे आठ तुकडे असे आले: किल्ली आणि आतले दोन तुकडे मानमोडीच्या अमेरिकी डुक्कर-वारसाकडून. दोन यंत्रं अमेरिकी पक्ष्यांकडून, १९९८ च्या सोयरिकीत आलेली. एक यंत्र माणसाच्या एच३एन२ कडून. माणसाने ते १९६८ च्या हाँगकाँग फ्लूच्या वेळी पक्ष्याकडून उसनं घेतलेलं. आणि कात्री व उरलेला एक तुकडा युरोपच्या १९७९ वाल्या गोत्रातून. ही दोन गोत्रं भेटली कुठे? पहिले रुग्ण कॅलिफोर्नियातली दोन मुलं आणि व्हेराक्रूझजवळचं ला ग्लोरिया हे गाव, म्हणून जग तिथे शोधत राहिलं. नंतर मेक्सिकोतल्या डुकरांचे जुने-नवे नमुने तपासून २०१६ मध्ये जे छापून आलं त्याने मध्य-पश्चिम मेक्सिकोकडे बोट दाखवलं. अमेरिकेतून आणि युरोपातून आणलेल्या जिवंत डुकरांबरोबर दोन्ही गोत्रं तिथे पोचली होती आणि डुकरांच्या नाकांची तपासणी फारशी कुणी करत नसल्याने वर्षानुवर्षं बिनबोभाट मिसळत होती. डुकरं पोहत अटलांटिक ओलांडत नाहीत.

त्या साथीत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एरवी फ्लू म्हाताऱ्यांना नेतो. या वेळी साठीपुढचे पुष्कळसे वाचले, तरणीताठी माणसं अडकली. कारण शोपनेच १९३६ मध्ये सांगून ठेवलं होतं: ज्यांच्या लहानपणी मानमोडीच्या जवळची पिढी फिरत होती, त्यांच्या रक्ताला ती किल्ली ओळखीची होती. आमच्या सोसायटीतले ऐंशीचे नाना पुरचुंडीला हात न लावता रोज पर्वतीवर जाऊन येत आणि आम्ही त्यांना बेजबाबदार म्हणत होतो.

साथ अधिकृतरीत्या ऑगस्ट २०१० मध्ये संपली. विषाणू राहिलाच; २०१५ मध्ये आपल्याकडे त्याने ४२ हजारांवर माणसं आजारी पाडली आणि जवळजवळ तीन हजार नेली. डुकरांच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट आणखी वेगळी दिसते. २००९ पासून माणसांनी हा विषाणू जगभरच्या कळपांना वारंवार दिला. नोंदी काढून बसलं की माणसाकडून डुकराकडे गेलेल्या खेपा डुकराकडून माणसाकडे आलेल्या आणि टिकलेल्या खेपांपेक्षा कितीतरी जास्त भरतात. प्रत्येक खेपेबरोबर डुकरांत नवे तुकडे पडतात. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीनशेवर लोकांना, बहुतेक मुलांना, डुकरांचा एच३एन२ झाला; त्यातला एक तुकडा २००९ च्या साथीतून डुकरांना मिळालेला होता. मुलं आजारी पडली ती ओहायो-इंडियानाच्या जत्रांत, चोळूनमोळून धुतलेल्या प्रदर्शनी डुकरांना कुरवाळताना. चीनच्या दहा प्रांतांत २०११ ते २०१८ दरम्यान डुकरांच्या नाकांतून तीसेक हजार नमुने घेतले, तेव्हा २०१६ पासून युरोपच्या १९७९ वाल्या गोत्राची किल्ली आणि २००९ ची यंत्रं जोडलेला एक विषाणू इतरांवर वरचढ झालेला दिसला. तिथे डुकरांत राबणाऱ्या दर दहांतल्या एकाच्या रक्तात त्याच्या खुणा होत्या.

दर पावसाळ्याआधी मी आता फ्लूची लस घेतो. सुईकडे बघवत नाही म्हणून खोकं वाचत बसतो. विषाणूंना नाव द्यायची एक रीत आहे: आधी प्रकार, मग तो कुणाच्या अंगातून घेतला, मग गाव, क्रमांक, साल. शोपचा विषाणू ‘ए/स्वाइन/आयोवा/१५/१९३०’. माणसातून घेतला असेल तर मात्र ती दुसरी जागा सोडून देतात, काहीच लिहीत नाहीत. म्हणून २००९ ची पुढे कित्येक वर्षं लशीत असलेली जात ‘ए/कॅलिफोर्निया/७/२००९’. २०१७ पासून तिच्या जागी मिशिगनची आली, आता आणखी कुठली. गावं बदलतात, शेवटी बारीक अक्षरात ‘एच१एन१ पीडीएम०९’ तेवढं राहतं. नर्सताईंनी दंडावर कापूस दाबून धरायला सांगितला आणि विचारलं, डुकराच्या तापाची ना ही? मी हो म्हणालो. मागे रांग होती.